विश्लेषण : रुग्णालयात, शाळेत, विमानतळावर कुत्रा कशासाठी? ‘थेरपी डॉग’ नेमके काय करतात आणि काय करत नाहीत?

सुरक्षा तपासणीची रांग, उशिरा सुटणारे विमान, हरवलेली बॅग यांनी वैतागलेल्या प्रवाशांच्या घोळक्यात एक कुत्रा निवांत पसरलेला आणि माणसे आळीपाळीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवत आहेत, हे दृश्य आता फक्त परदेशातले राहिलेले नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरही ‘पॉफेक्ट’ या नावाने असा उपक्रम राबवला गेला. विशेष मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम, महाविद्यालये आणि मोठ्या शहरांतील काही कंपन्यांची कार्यालये येथेही प्रशिक्षित कुत्र्यांना बोलावले जाते. समाजमाध्यमांवर या भेटींच्या चित्रफिती झपाट्याने पसरतात. पण कुत्र्याला कुरवाळल्याने खरोखर ताण कमी होतो का? रुग्णालयात प्राणी नेणे सुरक्षित आहे का? रेबीजची भीती असलेल्या आपल्या देशात हे कसे करायचे? आणि या सगळ्यात कुत्र्याचे काय?

थेरपी डॉग म्हणजे काय?

याबाबत सर्वाधिक गोंधळ शब्दांचा आहे. माणसाला मदत करणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला ‘सर्व्हिस डॉग’. हा एकाच व्यक्तीसाठी काम करतो. दृष्टिहीन व्यक्तीला रस्ता दाखवणे, ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला दारावरची घंटा वाजल्याचे कळवणे, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला खाली पडलेली वस्तू उचलून देणे अशा ठरावीक कामांचे त्याला दीर्घ प्रशिक्षण दिलेले असते. अमेरिकेतील कायद्यानुसार तो मालकासोबत दुकान, हॉटेल, बस अशा बहुतेक सार्वजनिक ठिकाणी जाऊ शकतो. तो कामावर असताना इतरांनी त्याला हात लावू नये, अशी अपेक्षा असते.

दुसरा ‘इमोशनल सपोर्ट’ प्राणी. हा मालकाला सोबतीचा आधार देतो, पण त्याला विशिष्ट कामाचे प्रशिक्षण नसते. 

तिसरा ‘थेरपी डॉग’. तो मालकासाठी नव्हे, तर इतरांसाठी काम करतो. मालक किंवा प्रशिक्षित हँडलर त्याला घेऊन रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात जातो. अनोळखी माणसांनी त्याला हात लावणे, हेच त्याचे काम. अमेरिकेतील लॉस एंजेलिस विमानतळावरील अशा कुत्र्यांच्या जॅकेटवर ‘मला कुरवाळा’ असे लिहिलेलेच असते.

या थेरपी डॉगच्या कामातही दोन पातळ्या आहेत. महाविद्यालयात परीक्षेच्या काळात कुत्रे आणले आणि मुलांनी अर्धा तास त्यांच्यासोबत घालवला, तर तो विरंगुळ्याचा उपक्रम झाला. मात्र पक्षाघातानंतर हात उचलता न येणाऱ्या रुग्णाकडून फिजिओथेरपिस्ट कुत्र्याचे केस विंचरून घेतो, आज ५ वेळा, पुढच्या आठवड्यात १० वेळा, आणि त्याची नोंद ठेवतो, तेव्हा तो उपचाराचा भाग होतो. प्राणी तोच, पण दुसऱ्या प्रकारात उद्दिष्ट, तज्ज्ञ आणि नोंदी असतात. जाहिरातीत मात्र दोन्हींना सर्रास ‘थेरपी’ म्हटले जाते.

ही कल्पना आली कुठून?

रुग्णांच्या सान्निध्यात प्राणी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १७९६ मध्ये विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी ‘द रिट्रीट’ ही संस्था सुरू केली. रुग्णांना साखळदंडाने बांधण्याच्या त्या काळात तेथे बागेत ससे, कोंबड्या असे लहान प्राणी ठेवले जात आणि रुग्ण त्यांची देखभाल करत. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना लहान पाळीव प्राण्याची सोबत उपयोगी ठरते, असे नोंदवून ठेवले आहे.

या विषयाला मानसशास्त्रात जागा मिळवून दिली ती अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. त्यांच्याकडे येणारा एक मुलगा कोणाशीही बोलत नसे. एकदा तो ठरल्या वेळेच्या आधी पोहोचला, तेव्हा लेव्हिन्सन यांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा खोलीतच होता. मुलगा कुत्र्याशी खेळू लागला आणि हळूहळू डॉक्टरांशीही बोलू लागला. १९६१ मध्ये लेव्हिन्सन यांनी हा अनुभव अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या परिषदेत मांडला, तेव्हा अनेकांनी त्याची खिल्ली उडवली. १९६९ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक आले.

पुढचे पाऊल एका परिचारिकेने टाकले. इंग्लंडमध्ये काम करताना रुग्णालयात धर्मगुरूसोबत येणाऱ्या कुत्र्याला पाहून रुग्णांचे चेहरे कसे खुलतात, हे इलेन स्मिथ यांनी पाहिले होते. अमेरिकेत परतल्यावर १९७६ मध्ये त्यांनी ‘थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. १९७७ मध्ये सध्या ‘पेट पार्टनर्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली, तर १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पेट्स अ‍ॅज थेरपी’. या संस्थांचे सूत्र एकच होते. घरचा पाळीव प्राणी आणि त्याचा मालक या जोडीची चाचणी घ्यायची आणि दोघांनी मिळून स्वयंसेवक म्हणून भेटी द्यायच्या.

आशियात ही कल्पना रुजवण्यात हाँगकाँगचा वाटा मोठा आहे. तेथे १९९१ मध्ये जिल रॉबिन्सन यांनी ‘मॅक्स’ या गोल्डन रिट्रिव्हरला घेऊन रुग्णालयातील भेटी सुरू केल्या. ‘डॉक्टर डॉग’ या नावाने हा उपक्रम आशियातील इतर देशांत पोहोचला. भारतात चेन्नईच्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ने तो राबवला.

शरीरात नेमके काय घडते?

शांत प्राण्याला हात फिरवताना माणसाच्या शरीरात ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण कमी होते का, हे अनेक प्रयोगांत तपासले गेले. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४९ विद्यार्थ्यांचे चार गट केले होते. एका गटाने १० मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळले, दुसऱ्याने रांगेत उभे राहून इतरांना कुरवाळताना पाहिले, तिसऱ्याने त्याच प्राण्यांची छायाचित्रे पाहिली आणि चौथा गट नुसताच थांबून राहिला. लाळेच्या नमुन्यांतून कॉर्टिसॉल मोजल्यावर प्रत्यक्ष कुरवाळणाऱ्या गटात ते कमी आढळले. म्हणजे मोबाइलवर मांजरांच्या चित्रफिती पाहणे आणि मांजर मांडीवर घेणे यांत शरीराच्या दृष्टीने फरक आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २८४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही याच दिशेचा आहे. एका गटाला कुत्र्याला हात लावू दिला, दुसऱ्याला फक्त कुत्र्याजवळ बसवले, तिसऱ्याची भेट कुत्र्याविना केवळ हँडलरशी घडवली. तिन्ही गटांना काही ना काही फायदा झाला, पण सर्व निकषांवर सुधारणा दिसली ती हात लावणाऱ्या गटात. हा निष्कर्ष दुहेरी आहे. स्पर्श महत्त्वाचा आहेच, पण कोणीतरी निवांत बसून आपल्याशी बोलते आहे, याचाही परिणाम होतोच.

दुसरे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. आई आणि बाळ यांच्यातील जिव्हाळ्याशी याचा संबंध आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत हा परिणाम दिसला नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसासोबत राहिला, त्यातून हे नाते घडले असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग हे ‘औषध’ मानायचे का?

येथे थांबून विचार करणे गरजेचे आहे. या विषयातील सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास १९८० चा आहे. हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ जण वर्षभरात दगावले. प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे ठळक आहेत. पण प्राणी पाळल्यामुळे माणसे जगली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत, आर्थिक स्थिती आणि घरचे वातावरण मुळातच बरे आहे, तेच प्राणी पाळत असण्याची शक्यता असते. नंतरच्या सर्वच अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही.

दुसरी अडचण प्रयोगांच्या रचनेची. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की साखरेची, हे लपवता येते. समोर कुत्रा आहे की नाही, हे लपवता येत नाही. कुत्रा आवडणारी माणसेच अशा प्रयोगांना स्वतःहून येतात. शिवाय बहुतेक मोजमाप भेटीनंतर लगेच केलेले असते. आठवड्याने किंवा महिन्याने काय उरते, याबद्दलचे पुरावे बरेच तोकडे आहेत. माणूस आणि प्राणी यांच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड हर्झॉग यांनी या दाव्यांतील अतिशयोक्तीवर सातत्याने बोट ठेवले आहे.

थोडक्यात, थेरपी डॉगच्या भेटीने तात्पुरता ताण आणि एकटेपणाची भावना कमी होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. नैराश्य, स्वमग्नता किंवा स्मृतिभ्रंश ‘बरा’ होतो, याला नाही. समुपदेशन किंवा औषधे बंद करून कुत्रा आणा, असे कोणी सांगत असेल तर सावध झालेले बरे.

मुलांना याचा उपयोग कसा होतो?

शाळांमधील सर्वांत गाजलेला उपक्रम वाचनाशी जोडलेला आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे १९९९ मध्ये ‘रीड’ हा उपक्रम सुरू झाला. वाचताना अडखळणारे मूल कुत्र्याच्या शेजारी बसून त्याला गोष्ट वाचून दाखवते. कल्पना साधी आहे. वर्गात शब्द चुकला की शेजारचा हसतो, शिक्षक दुरुस्त करतात, घरी आई-वडील घाई करतात. कुत्रा यातले काहीच करत नाही. मूल चुकते, पुन्हा वाचते, पुढे जाते. कुत्रा वाचायला शिकवत नाही, तो फक्त चुकण्याची भीती कमी करतो. शिकवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

स्वमग्न किंवा बोलण्यात अडचण असलेल्या मुलांसोबत काम करताना वाचा-उपचारतज्ज्ञ कुत्र्याला ‘बस’, ‘ये’ अशा छोट्या आज्ञा द्यायला मुलाला सांगतात. शब्द उच्चारला की कुत्रा खरोखर बसतो. आपल्या बोलण्याने काहीतरी घडते, हा अनुभव अशा मुलाला सहजासहजी मिळत नाही. मुंबईतील ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’सारख्या संस्थांनी मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने आपल्याकडे असे काम उभे केले आहे.

भारतासाठी आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीज मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, आणि रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणजे कुत्र्याजवळ कसे वागायचे, हे मुलांना माहीत असणे जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांसोबतच्या कुत्र्याजवळ जायचे नाही, अनोळखी कुत्रा समोर आला तर पळायचे नाही, हे धडे फलकापेक्षा शांत कुत्र्याच्या सान्निध्यात अधिक नीट शिकवता येतात. मात्र ‘शाळेत आलेला कुत्रा गोड होता म्हणून सगळेच कुत्रे तसे’ असा समज मुलांचा होऊ न देणे, ही आयोजकांची जबाबदारी.

रुग्णालयात प्राणी नेणे सुरक्षित आहे का?

अटींसह, होय. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेला अभ्यास यासाठी उद्बोधक आहे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या ४५ मुलांची आणि त्यांना भेटणाऱ्या कुत्र्यांची तपासणी केली गेली. कुत्र्यांसोबत जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांच्या अंगावर औषधांना दाद न देणारे ‘एमआरएसए’ जिवाणू आढळण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत सुमारे ६ पट होती. जिवाणू कुत्र्याच्या शरीरात तयार झाले, असा याचा अर्थ नाही. एका मुलाच्या हातावरचे जिवाणू कुत्र्याच्या केसांवर आणि तेथून दुसऱ्या मुलाच्या हातावर गेले. दाराच्या कडीवरून किंवा लिफ्टच्या बटणावरून जसे जातात, तसेच. भेटीपूर्वी कुत्र्याला जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनयुक्त शॅम्पूने अंघोळ घालून आणि भेटीदरम्यान त्याचे अंग जंतुनाशक पट्टीने पुसत राहिल्यावर हा धोका बराच कमी झाला.

म्हणूनच चांगल्या संस्था काही नियम पाळतात. भेटीआधी आणि नंतर प्रत्येकाने हात धुवायचे, कुत्र्याला जखम चाटू द्यायची नाही, पलंगावर घ्यायचे असल्यास खाली स्वतंत्र चादर टाकायची. कच्चे मांस खाणाऱ्या प्राण्यांना ‘पेट पार्टनर्स’च्या उपक्रमांत प्रवेश नाही, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जिवाणू पसरू शकतात. प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले रुग्ण, कुत्र्याची अ‍ॅलर्जी असलेले आणि कुत्र्याला घाबरणारे यांना आधी विचारणे आवश्यक असते. सहा खाटांच्या वॉर्डात पाच जणांना कुत्रा हवा आणि एकाला नको असेल, तर त्या एकाचा नकार मोठा मानला जातो.

कुत्र्याचे काय?

शांत दिसणारा कुत्रा आनंदातच असतो, असे नाही. वारंवार जांभई देणे, ओठ चाटत राहणे, तोंड फिरवणे, शेपूट पायांत घालणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, थंड खोलीतही धापा टाकणे ही कुत्र्यावरील ताणाची लक्षणे आहेत. ‘तो हसतोय बघा’ असे म्हणत फोटो काढणाऱ्यांना ती दिसत नाहीत. ती ओळखून भेट तिथेच थांबवणे, हे हँडलरचे मुख्य काम. ‘पेट पार्टनर्स’च्या नियमानुसार एका प्राण्याने दिवसात २ तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही. कॉर्पोरेट कार्यालयात दुपारभर शेकडो कर्मचाऱ्यांसमोर एकच कुत्रा बसवला जात असेल, तर तो ताणमुक्तीचा उपक्रम कोणासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्राण्याची निवडही महत्त्वाची. गोल्डन रिट्रिव्हर आणि लॅब्रेडॉर स्वभावाने माणसाळू म्हणून सर्वत्र दिसतात. पण स्वभाव जातीवर नव्हे, तर त्या प्राण्यावर आणि त्याच्या संगोपनावर ठरतो. आपल्या हवामानात हस्की किंवा सेंट बर्नार्डला उन्हात फिरवणे हीच क्रूरता. त्या तुलनेत लहानपणापासून माणसांत वाढलेला, शांत स्वभावाचा देशी कुत्रा येथील उकाडा सहज सोसतो. प्राण्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपक्रमांसाठी ‘आयएएचएआयओ’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ पाळीव प्राण्यांचाच वापर करावा. डॉल्फिनसारखे वन्य प्राणी त्यात बसत नाहीत. भारतात तर देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणेही कायद्याने गुन्हा आहे.

भारतात नियम काय आहेत?

थेरपी डॉगसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कोणीही कुत्र्याला जॅकेट चढवून त्याला ‘प्रमाणित’ म्हणू शकते. अशी मोकळीक अंगाशी कशी येते, हे अमेरिकेने ‘इमोशनल सपोर्ट’ प्राण्यांबाबत अनुभवले. इंटरनेटवर पैसे भरून प्रमाणपत्रे मिळू लागली आणि प्रवासी काहीही घेऊन विमानतळावर येऊ लागले. २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाच्या मोराला विमानात प्रवेश नाकारला गेल्याचे प्रकरण जगभर गाजले. अखेर जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशा प्राण्यांना सर्व्हिस डॉगचा दर्जा देण्याचे विमान कंपन्यांवरील बंधन काढून टाकण्यात आले. याचा फटका खरी गरज असलेल्यांनाही बसला.

आपल्याकडे दोन गोष्टी मात्र तपासता येतात. प्राण्याला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चे संरक्षण आहे. आणि विशेष मुलांसोबत ‘उपचार’ करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. कुत्र्याचे प्रमाणपत्र विचारण्याआधी माणसाचे विचारणे अधिक उपयोगाचे.

शाळा, सोसायटी किंवा वृद्धाश्रमाने काय तपासावे?

पहिली गोष्ट, लसीकरण. रेबीजची लस वेळेवर दिल्याची पशुवैद्यकाच्या सहीची नोंद पाहावी. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असलेल्या मुंबई-कोकणात त्याचीही लस दिली आहे का, हे विचारावे. जंतनाशक औषध नियमित दिले जाते का आणि अंगावर गोचीड, पिसवा नाहीत ना, हे पाहावे.

दुसरी, स्वभाव चाचणी. अचानक आवाज, चाकाच्या खुर्च्या, काठ्या, मुलांचा गलका, शेपूट ओढणे यांत कुत्रा कसा वागतो, हे कोणी आणि कधी तपासले? पिल्लू कितीही गोंडस असले तरी या कामासाठी योग्य नाही. साधारण वर्षभराचा, समज आलेला प्राणीच असावा.

तिसरी, जोडी. एका हँडलरकडे एका वेळी एकच कुत्रा आणि दोरी कायम हँडलरच्या हातात. एका कुत्र्याभोवती एका वेळी दोन-तीन मुलेच. कुत्र्याला हवे तेव्हा उठून जाता येईल अशी मोकळी, सावलीची जागा आणि पाणी.

चौथी, संमती. शाळेत पालकांची लेखी, वृद्धाश्रमात प्रत्येक ज्येष्ठाची तोंडी. न येणाऱ्यांसाठी दुसरा काहीतरी कार्यक्रम.

पाचवी, अपघात झाल्यास काय करायचे याची तयारी. लसीकरण झालेल्या कुत्र्याचा दात किंवा नख लागले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरकडे जावे. हळद, मिरची, चुना असे काहीही लावू नये. जवळची रेबीज प्रतिबंधक लस कोठे मिळते, हे आयोजकांना आधीच माहीत असावे.

आणि शेवटची तपासणी प्रत्यक्ष भेटीत होते. कुत्रा तोंड फिरवून बाजूला निघाला, तेव्हा हँडलर त्याला ओढून परत फोटोसाठी बसवतो की ‘आज एवढेच’ म्हणून भेट थांबवतो, हे पाहावे. पुन्हा त्याच संस्थेला बोलवायचे का, याचे उत्तर त्यातून मिळते.